चौकात पोलीस होते तोवर सगळे नीट चालवत होते, आता परत तेच. वचक टिकायचा कसा?

पायवाट (धागाकर्ती)

बरेच दिवस मनात आहे ते आज लिहूनच टाकते, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

घर ते लेकीची शाळा जेमतेम सातशे मीटर. ती नऊ वर्षांची आहे, सायकल छान चालवते आणि रोज विचारते की मी एकटी सायकलवर जाऊ का, आणि मी रोज नाही म्हणते. तिच्यावर विश्वास नाही म्हणून नाही, मधे एक रस्ता आहे म्हणून. रस्ता कसला, गल्लीच ती, दोन्ही बाजूला घरं, पण मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल टाळायला लोक तिथून गाड्या दामटतात आणि सकाळी शाळेच्या वेळेलाच त्यांनाही नेमकी घाई असते. दीडेक महिन्यापूर्वी वळणावर एकाने इतक्या जवळून कट मारला की गाडीचा आरसा तिच्या दप्तराला घासून गेला. ती रडली नाही. मी घरी येऊन रडले.

मग आम्ही आठ-दहा पालकांनी सह्यांचा अर्ज दिला, आणि खरंच पुढच्या आठवड्यात चौकात दोन वाहतूक पोलीस उभे राहिले. काय सांगू तुम्हाला, तीच माणसं, त्याच गाड्या, पण झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे थांबत होते, हाताने "जा जा" म्हणत होते, आजी-आजोबा आरामात पलीकडे जात होते. आठ दिवस असं चाललं. नवव्या दिवशी पोलीस दिसले नाहीत आणि दहाव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

तेव्हापासून मिळेल ते वाचतेय. एक गोष्ट वाचून तर झोपच उडाली. समोर मूल आलेलं दिसलं की ड्रायव्हरला भान येऊन ब्रेकवर पाय जायला साधारण एक सेकंद लागतो. ३० च्या वेगाने येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर तो सेकंद धरून १३-१४ मीटरात थांबते. ५० ने येणारी गाडी त्या एका सेकंदातच जवळपास १४ मीटर पुढे आलेली असते. म्हणजे पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली तिथे दुसरीचा ब्रेक अजून लागलेलासुद्धा नाही, ती पूर्ण वेगात आहे. ड्रायव्हर तोच, डोळे तेच, फरक फक्त २० चा. आणि आपण म्हणतो "पन्नासच तर होता".

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात वर्षाला ११ लाख ९० हजार माणसं रस्त्यावर मरतात, त्यात चालणारे आणि सायकलवाले मिळून पाव भागाहून जास्त. ५ ते २९ वयाच्या मुलांच्या आणि तरुणांच्या मृत्यूचं एक नंबरचं कारण हेच. हे आपल्याला माहीतच नसतं, कारण हे एकेकटे मरतात.

तर प्रश्न असा. पोलीस उभे असताना लोक नीट चालवतात म्हणजे नीट चालवता येतं हे तर सिद्ध झालं. मग पोलीस गेल्यावरही ते टिकायला काय करावं लागतं? कुणाला अनुभव असेल, कुठे झालंय असं माहीत असेल तर लिहा प्लीज. निव्वळ "लोकांना शिस्त नाही" असं नको, ते मी स्वतःशी शंभर वेळा म्हणून झालंय.

खडीसाखर

दप्तराचं वाचून पोटात गोळा आला. लेक कशी आहे आता? वाचतेय धागा.

चौकोन

सोप्पं आहे, दंड दहापट करा. एकदा महिन्याचा पगार गेला की आयुष्यात वेग वाढवणार नाही कोणी. दंड परवडतो म्हणूनच लोक मोडतात नियम.

आकडेमोड

@चौकोन, मलाही आधी असंच वाटायचं पण यावर इतका अभ्यास झालाय जगभर, की आता मत बदललंय. माणूस नियम मोडताना दंड किती हे मनात आणतच नाही, मी सापडेन का एवढंच बघतो. हजारात एकदा सापडणार असेल तर तो दंड कितीही असो तो "दुसऱ्याला" होणारा दंड असतो. आणि दहापट दंडाचा अजून एक उलटा परिणाम होतो, पावती फाडणाऱ्यालाच ती जड वाटायला लागते, मग समज देऊन सोडणं सुरू होतं, नाहीतर तिथेच तडजोड, नाहीतर कोर्टात वर्षानुवर्षं. म्हणजे कागदावर दंड वाढला आणि प्रत्यक्षात शिक्षा कमी झाली.

फ्रान्सचं उदाहरण घ्या. २००२ साली तिथे वर्षाला ७ हजारांवर माणसं रस्त्यावर मरत होती. २००३ पासून त्यांनी वेग मोजणारे आपोआप दंड करणारे कॅमेरे लावायला सुरुवात केली, नोटीस थेट घरी, मधे कुणाची ओळख नाही, विनवणी नाही. २००६ पर्यंत आकडा ५ हजारांच्या खाली आला. त्या काळात बाकीही उपाय चालू होते, सगळं श्रेय कॅमेऱ्यांना देता येणार नाही, पण "सापडणारच" ही भावना तिथे पहिल्यांदा आली.

श्रीमंताला दंड परवडतो हा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे. फिनलंडमध्ये त्यावर उपाय म्हणून जास्त वेगाचा दंड उत्पन्नाच्या प्रमाणात असतो. मला तो न्याय्य वाटतो. पण तोही सापडल्यावरच ना.

चौकोन

हम्म. पटतंय थोडं. पण मग प्रत्येक गल्लीत पोलीस कुठून आणणार?

जुनाजाणता

ताई, मी सव्वीस वर्षं वाहतूक शाखेत नोकरी केली, आता निवृत्त. तुमच्या चौकात जे झालं ते मी शेकडो वेळा पाहिलंय आणि केलंय, म्हणून मोकळेपणाने सांगतो, वाईट वाटून घेऊ नका.

आठ दिवस सलग, एकाच जागी, एकाच वेळी उभं राहणं ही सगळ्यात वाया जाणारी ड्यूटी. अर्ज आला, साहेब म्हणाले आठवडाभर लावा, लावले, अर्ज निकाली. रोजचा ड्रायव्हर दोन दिवसात शिकतो की इथे साडेसात ते नऊ पोलीस असतो. ते नसले की नववा दिवस उजाडतो. त्यापेक्षा मला तेच दोन माणसं तेवढेच तास द्या, पण मी ते दोन महिन्यांत पसरतो. एक दिवस सकाळी पाऊण तास, मग चार दिवस काही नाही, मग अचानक दुपारी शाळा सुटताना, मग शेजारच्या गल्लीत. तास तेवढेच, पण लोकांना कधी कुठे असतील हे कळत नाही म्हणून ते रोजच सांभाळून येतात. हा माझा अनुभव.

दुसरं जरा कडू आहे. आमच्याकडे पावत्यांची संख्या विचारली जायची. कशाच्या पावत्या हे कोणी विचारत नव्हतं. मग माणूस सोपं ते पकडतो. थांबलेल्या गाडीचे कागद बघणं सोपं, काचेची फिल्म बघणं सोपं. क्रॉसिंगवर बाई थांबलीय आणि गाडी तशीच पुढे गेली, हे पकडायला अवघड, सिद्ध करायला त्याहून अवघड, शिवाय त्या गाडीमागे धावायचं कोणी. त्यामुळे ज्याने माणूस मरतो त्याची पावती कमी आणि ज्याने कोणी मरत नाही त्याची जास्त. तुम्ही परत अर्ज द्याल तेव्हा "पोलीस द्या" असं नका लिहू. "शाळेच्या वेळेत वेग आणि क्रॉसिंगवर न थांबणं या दोनच गोष्टींवर कारवाई करा" असं लिहा.

पायवाट

काका, खूप खूप आभार. वाईट कशाला वाटेल, हेच तर हवं होतं. अर्जात आम्ही खरंच "पोलीस नेमावेत" एवढंच लिहिलं होतं.

आकडेमोड

जुनाजाणता काकांनी अनुभवातून जे सांगितलं ते ऑस्ट्रेलियात मुद्दाम पद्धत म्हणून केलंय. आधी टास्मानियात आणि मग क्वीन्सलंडमध्ये, रस्त्यांचे तुकडे पाडायचे, दिवसाचे तासांचे गट करायचे आणि कुठल्या तुकड्यावर कधी पोलिसांची गाडी उभी करायची हे चक्क चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचं. थोड्या माणसांत मोठा भाग सांभाळला जातो.

सायकलवेडा

मी रोज १४ किमी सायकलने ऑफिसला जातो, सहा वर्षं झाली. माझ्यापुरतं सांगायचं तर मला वेगापेक्षाही जवळून कट मारणाऱ्यांची भीती जास्त वाटते, मागून येणारं दिसत नाही ना, एकदम कानाशेजारून वारा जातो आणि हँडल हलतं आपोआप, आणि त्याच वेळी समोर खड्डा असला तर मी खड्ड्यात जायचं की गाडीखाली हा निर्णय अर्ध्या सेकंदात. आणि त्या माणसाला कळलेलंही नसतं. तो रागावलेला नसतो, त्याला खरंच वाटतं की भरपूर जागा होती.

इंग्लंडमध्ये वेस्ट मिडलंड्सच्या पोलिसांनी २०१६ मध्ये यावर एक साधी गोष्ट केली, पोलीस स्वतःच साध्या कपड्यात सायकलवर निघाले, सायकलला कॅमेरा. कोणी फार जवळून गेलं की पुढे उभ्या असलेल्या सहकाऱ्याला वायरलेसवर सांगायचं, तो गाडी बाजूला घेणार. बेदरकार असेल त्याच्यावर केस, पण बाकीच्यांना तिथेच रस्त्याकडेला एक मोठी चटई अंथरून दाखवायचे, त्यावर सायकल आणि गाडी आणि मधलं दीड मीटर अंतर आखलेलं. पंधरा मिनिटं. लोक बघून म्हणायचे अरे एवढं लागतं होय! पुढे इंग्लंडमधल्या बऱ्याच पोलीस दलांनी ही पद्धत उचलली.

मला यातलं सगळ्यात आवडलेलं काय, तर पोलीस स्वतः सायकलवर बसले. एकदा बसलेल्या माणसाला पुढे काही सांगावं लागत नाही.

खडीसाखर

चटईची कल्पना किती साधी आणि किती छान! शाळेच्या मैदानात पालकसभेच्या दिवशी तर आपणही करू शकतो, खडूने आखून.

चारचाकी_रोज

दुसरी बाजू मांडतो, राग नसावा. मी रोज गाडी चालवतो. चालणारेही कमी नाहीत, कानात हेडफोन, मोबाईलमध्ये डोकं, कुठूनही मधे येतात. सायकलवाले उलट्या दिशेने येतात, रात्री लाइट नाही. एखादा अचानक समोर आला तर दोष मात्र आमचा. कारवाई करायची तर सगळ्यांवर सारखी करा ना.

आकडेमोड

@चारचाकी_रोज, राग कशाला, प्रश्न रास्त आहे. विनालाइट सायकल रात्री मलाही दिसत नाही आणि त्यांना समज द्यायलाच हवी. पण "सारखी" म्हणताना एक बघा, चालणाऱ्याने चूक केली तर तो स्वतः मरतो, गाडीवाल्याने केली तर दुसरा मरतो. हजार-दीड हजार किलो लोखंड हाकणाऱ्यावर जबाबदारी जास्त असायलाच हवी. नेदरलँडमध्ये तर कायद्यातच तसं आहे, मोटारीची धडक पादचाऱ्याला किंवा सायकलस्वाराला बसली तर नुकसानभरपाईची जबाबदारी मुळात मोटारवाल्याची धरतात, आणि मूल १४ वर्षांखालचं असेल तर जवळपास नेहमीच पूर्ण. मूल चुकणार हे गृहीत धरूनच गाडी चालवायची.

आणि इतिहास म्हणून सांगतो, रस्ता मधेच ओलांडणारा माणूस हा गुन्हेगार ही कल्पना फार जुनी नाही. त्याआधी रस्ता सगळ्यांचाच होता. १९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारींखाली माणसं, विशेषतः मुलं, खूप मरायला लागली, लोक गाड्यांवर बंधनं मागायला लागले, तेव्हा मोटार उद्योगाशी संबंधित मंडळींनी "जेवॉकिंग" म्हणून त्या चालणाऱ्यालाच हिणवणारा शब्द जोर लावून रूढ केला. आता तिथेच उलटं वारं आहे. व्हर्जिनियात २०२१ पासून फक्त त्यासाठी पोलीस कुणाला अडवू शकत नाहीत, कॅलिफोर्नियात २०२३ पासून धोका नसेल तर त्यासाठी दंड नाही, न्यूयॉर्क शहरानेही २०२४ मध्ये तो गुन्हा काढून टाकला. कारण त्या पावत्या गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्यांतच जास्त फाटत होत्या.

रातराणी

आणि लोक मधूनच का ओलांडतात तेही बघा ना. माझ्या सासूबाईंचा गुडघा दुखतो. क्रॉसिंग आहे तिथपर्यंत जाऊन परत यायचं म्हणजे त्यांना पाऊण तास. सिग्नल असतो तो सुटतो इतक्या लवकर की त्या अर्ध्यावर पोचेपर्यंत समोरच्यांचे हॉर्न सुरू होतात. त्या घाबरून मागे वळतात, आणि मागे वळणं सगळ्यात वाईट. आता त्या बाहेर पडतच नाहीत. अपघात झाला नाही, कुठल्या आकड्यात त्या येणार नाहीत, पण रस्त्याने त्यांना घरात बसवलं हे खरं आहे.

चारचाकी_रोज

@रातराणी, हे वाचून गप्प झालो. माझी आई पण हेच करते, संध्याकाळचं फिरणं बंद केलं तिने, मला वाटायचं वय झालं म्हणून. विचारतो आज.

रेषा_कोन

उशिरा आलो धाग्यावर. मी रस्ते आखणीच्या क्षेत्रात काम करतो, माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. पोलीस हे औषध आहे, पण आजार रस्त्याच्या मापात आहे. रुंद, सरळ, गुळगुळीत रस्ता करून ठेवायचा आणि मग कोपऱ्यावर ३० ची पाटी लावायची, याला काही अर्थ नाही, रस्ता पायाला सांगतो पन्नासने जा आणि पाटी डोळ्यांना सांगते तीसने जा. माणूस रस्त्याचं ऐकतो. बऱ्याच ठिकाणी तर मर्यादा ठरवायची पद्धतच अशी आहे की आधी मोकळ्या रस्त्यावर लोक कितीने जातात ते मोजायचं आणि शंभरातले ८५ ज्या वेगाच्या आत असतील तोच वेग मर्यादा म्हणून लावायचा. तिथे खेळणाऱ्या पोराचा विचार त्यात कुठेच नाही.

अमेरिकेत ओकलंडमध्ये २००४ साली एक अभ्यास छापून आला होता, घराजवळ गतिरोधक असलेल्या मुलांना आपल्या वस्तीत गाडीची धडक बसून जखमी होण्याचा धोका जवळपास निम्मा दिसला. निम्मा! आणि गतिरोधक चोवीस तास ड्यूटीवर, रजा नाही, ओळख चालत नाही.

तुमच्या वळणावरच्या कोपऱ्याला गाड्या उभ्या असतात का ते बघा. मुलाची उंची उभ्या गाडीच्या बॉनेटएवढी, त्यामुळे ना ते ड्रायव्हरला दिसतं ना ड्रायव्हर त्याला. न्यू जर्सीतलं होबोकेन म्हणून साठेक हजार वस्तीचं दाट शहर आहे, त्यांनी क्रॉसिंगच्या तोंडाशी पार्किंग बंद केलं, नुसत्या रेघा मारून नाही तर तिथे खांब, झाडांच्या कुंड्या, सायकल स्टँड ठेवून, म्हणजे गाडी उभी करताच येणार नाही. तिथे २०१७ च्या जानेवारीनंतर कित्येक वर्षं रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही.

जुनाजाणता

रेषा_कोन साहेब, तुमचं बरोबर आहे. पण रस्ता बदलायला निधी, निविदा, दोन-तीन वर्षं. तोवर त्या पोरीने शाळेत जायचं की नाही? आणि चुकीचे गतिरोधक मी फार पाहिलेत, उंची मनाला येईल तशी, रंग नाही, रात्री दुचाकीवाला उडून पडतो. रुग्णवाहिकेतल्या पेशंटचे हाल वेगळे.

रेषा_कोन

चुकीच्या गतिरोधकाबद्दल शंभर टक्के मान्य. म्हणून नुसता उंचवटा न करता क्रॉसिंगच उचलून फूटपाथच्या पातळीला आणतात, गाडीला चढावं लागतं आणि चालणाऱ्याला उतरावं लागत नाही, व्हीलचेअर पण सरळ जाते. आणि दोन वर्षांचं म्हणाल तर कोपऱ्यावर कुंड्या ठेवायला दोन दिवस पुरतात. परवानगी मात्र हवी.

आणि कारवाई नको असं मी म्हणत नाहीये. हेलसिंकी बघा, २०१९ मध्ये एकही पादचारी मेला नाही, आणि २०२४ च्या जुलैपासून पुढे वर्षभर सबंध शहरात रस्त्यावर एकही मृत्यू नाही. ते दोन्ही करतात. निम्म्याहून जास्त रस्त्यांवर मर्यादा ३०, अरुंद केलेले रस्ते, वर वेगाचे कॅमेरे. एकाने भागत नाही.

चौकोन

कॅमेऱ्यांबद्दल एक शंका. ते लावले की लोक म्हणतात पैसे गोळा करायचा धंदा. आणि काही ठिकाणी खरंच तसं असतं. मला स्वतःला एकदा नोटीस आली, त्यात दुसऱ्याच गाडीचा फोटो होता आणि ती रद्द करायला तीन हेलपाटे.

आकडेमोड

शंका बरोबर आहे आणि ती झटकून टाकू नये. शिकागोत सिग्नल तोडणाऱ्यांना पकडणाऱ्या कॅमेऱ्यांच्या कंत्राटात लाच घेतल्याबद्दल महापालिकेच्याच माजी अधिकाऱ्याला २०१६ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. अशा एका प्रकरणाने लोकांचा विश्वास किती वर्षं मागे जातो बघा. कंत्राटदाराला पावतीमागे पैसे मिळणार असतील तर त्याचं भलं लोक चुकण्यात आहे, ती व्यवस्थाच नासकी. कॅमेरा कुठे आहे ते पाटी लावून आधी सांगायचं, चुकीची नोटीस एका फोनवर रद्द व्हायला हवी आणि दंडाचा पैसा त्याच रस्त्याच्या फूटपाथला लागतोय हे दिसायला हवं.

पण कॅमेऱ्याचा उपयोग होतो का, तर होतो. वेगवेगळ्या देशांतले ३५ अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये आढावा निघाला, कॅमेऱ्याच्या आसपास जीवघेणे आणि गंभीर जखमांचे अपघात ११ ते ४४ टक्के कमी झालेले होते. मर्यादा एवढीच की लोक कॅमेऱ्यापुरते हळू होतात आणि पुढे गेलं की परत पाय दाबतात. म्हणून दोन टोकांना दोन कॅमेरे लावून मधला सरासरी वेग काढायची पद्धत आली.

सायकलवेडा

अवांतर, पण मन प्रसन्न होईल. २०१० मध्ये स्टॉकहोममध्ये तीन दिवस एक प्रयोग केला होता, मर्यादेत चालवणाऱ्यांचे पण फोटो काढायचे, त्यांची नावं सोडतीत, आणि बक्षीस वेग मोडणाऱ्यांच्या दंडातून. सरासरी वेग ३२ वरून २५ वर आला. एस्टोनियात २०१९ मध्ये वेग मोडणाऱ्याला पर्याय दिला, दंड भर किंवा रस्त्याकडेला पाऊण तास नाहीतर तासभर थांब. ज्या घाईसाठी वेग वाढवला तीच घाई काढून घ्यायची!

रातराणी

मग कोलंबियातल्या बोगोटाचं पण सांगते. अंतानास मॉकस महापौर असताना, १९९५ नंतरची गोष्ट, त्यांनी चौकाचौकात मूकाभिनय करणारे कलाकार उभे केले, क्रॉसिंगवर चढलेल्या गाडीची ते सगळ्यांसमोर नक्कल करायचे. दंड नाही, पण चारचौघांत लाज. जिथे माणूस मेला तिथे रस्त्यावर चांदण्या रंगवल्या. पुढे काही वर्षांत तिथले रस्त्यावरचे मृत्यू निम्म्यावर आले. ते फक्त कलाकारांमुळे नाही, बाकी पण बरंच केलं, पण सुरुवात तिथून झाली.

आकडेमोड

चारचौघांत लाज वरून मूळ प्रश्नाचं उत्तर सापडतंय बहुतेक, पोलीस गेल्यावर टिकायचं कसं. फ्लोरिडात गेन्सव्हिल नावाचं गाव आहे, तिथे २०१० च्या सुमारास साध्या कपड्यातला पोलीस क्रॉसिंगवरून चालायचा, थांबायला पुरेसं अंतर आधीच मोजून ठेवलेलं, तरी जो थांबला नाही त्याला पुढे अडवायचे. आधी समज आणि पत्रक, मग दंड. हे वर्षभर लाटा-लाटांनी, सलग नाही. आणि रस्त्याकडेला मोठ्या पाट्या लावल्या, "गेल्या आठवड्यात शंभरातले इतके ड्रायव्हर थांबले, आजवरचा विक्रम इतका".

सुरुवातीला साधारण ३२ टक्के थांबत होते, वर्षाअखेर ६२. त्याहून महत्त्वाचं, जिथे पोलीस कधी गेलेच नाहीत त्या क्रॉसिंगवर पण जवळपास तेवढंच वाढलं. आणि चार वर्षांनी परत जाऊन मोजलं तर घसरलं नव्हतं, उलट अजून वाढलेलं. कारण थांबणं ही तिथली रीत झाली. पुढचा थांबतो म्हणून मागचा थांबतो.

जुनाजाणता

हे असलं आम्हाला नोकरीत कोणी सांगितलं नाही. पाटीची कल्पना मला फार पटली. खर्च काय, एक पाटी आणि खडू.

तळटीप

पहिल्यांदाच लिहितोय इथे, वाचत मात्र नेहमी असतो. या धाग्यातल्या गल्लीतून सिग्नल टाळून गाड्या काढणाऱ्यांपैकी मी आहे. तीच गल्ली नसेल, पण तसलीच. तीन वर्षं रोज. ४५-५० सहज. मला वाटायचं माझा कंट्रोल चांगला आहे. तो १३-१४ मीटरचा हिशोब वाचून काल मी घरी येताना गल्लीत गाडीचा काटा बघून ३० ने आलो. मागच्याने दोनदा हॉर्न दिला, ते सहन करणं अवघड गेलं. घरी दीड मिनिट उशिरा पोचलो, तेवढाच. मला एवढंच सांगायचं होतं की मागून हॉर्न वाजतो म्हणूनही बरेच जण वेग वाढवतात, त्यावर कोणी लिहीत नाही.

पायवाट

@तळटीप, तुमचा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला. मनापासून आभार. लिहायला सोपं नसणार.

सायकलवेडा

@तळटीप, आणि तुम्ही ३० ने गेलात म्हणजे तुमच्यामागच्या सगळ्यांचा वेग तुम्ही ३० केलात, हे लक्षात घ्या. दहा गाड्यांत एक असा असला तरी गल्ली हळू होते.

रेषा_कोन

पायवाटताई, परत अर्ज देणार असाल तर आधी मोजा. "गाड्या फार जोरात जातात" याला ऑफिसात कोणी विचारत नाही, आकड्याला विचारतात. स्पीड गन लागत नाही. रस्त्याकडेला २५ मीटर टेपने मोजून दोन खडूच्या खुणा करा, फूटपाथवरच, रस्त्यात उतरू नका. फोनवर व्हिडिओ काढा आणि एका खुणेपासून दुसरीपर्यंत किती वेळ लागला ते बघा. ३ सेकंद लागले तर ३० चा वेग. सव्वादोन सेकंद, ४०. १.८ सेकंद, ५०. वहीत गाडीचा नंबर नको, फक्त सेकंद लिहा, कुणावर पाळत ठेवल्यासारखं होऊ नये. तीन वेगवेगळे दिवस, शाळेची वेळ आणि एखादी दुपारची वेळ.

ब्रिटनमध्ये असे नागरिकांचे गट पोलिसांच्या देखरेखीखाली वेग मोजतात, प्रशिक्षण घेऊन, अंगात चमकणारी जॅकेटं घालून, आणि सापडलेल्याला पोलिसांकडून पत्र जातं, दंड नाही. पण कुठल्या गल्लीत कधी जोर असतो ते पोलिसांना त्यातून कळतं.

चारचाकी_रोज

मी येऊ का मोजायला? टेप आहे माझ्याकडे. आईशी बोललो काल. ती म्हणाली क्रॉसिंगवर कोणी थांबत नाही, दहा दहा मिनिटं उभी राहते आणि परत येते. मला कधी बोलली नव्हती.

(आपण एकाच भागात आहोत का माहीत नाही, नसलो तर मी माझ्याकडे मोजतो.)

पायवाट

सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतलेत. काल आणि आज सकाळी आम्ही तिघी जणी खुणा करून उभ्या राहिलो, फक्त वीस-वीस मिनिटं. तीन सेकंदांच्या आत खुणा पार करणाऱ्या गाड्या निम्म्याहून बऱ्याच जास्त निघाल्या, आणि चार-पाच तर दीड सेकंदाच्या आसपास, म्हणजे ६० ना? मला आधी वाटलं आपलंच मोजायला चुकलं म्हणून व्हिडिओ परत परत पाहिला. लेक शेजारी उभी राहून सेकंद लिहून घेत होती. एक गोष्ट अजून, आम्ही नुसत्या वही घेऊन उभ्या होतो तरी काही जणांनी वेग कमी केला.

नवीन अर्जात लिहितेय: सलग आठवडा नको, दोन महिन्यांत पसरून आणि वेळ बदलून कारवाई. फक्त वेग आणि क्रॉसिंगवर न थांबणं. वळणाच्या कोपऱ्यावर पार्किंग बंद आणि तिथे कुंड्या, कुंड्यांना पाणी आम्ही घालू. शाळेच्या भिंतीवर "गेल्या आठवड्यात इतके थांबले" ची पाटी, ती आम्ही पालक दर शुक्रवारी मोजून बदलणार. मुख्याध्यापकांनी भिंत द्यायला हो म्हटलंय.

काका, अर्जाचा मसुदा तुम्हाला व्यनि (खासगी निरोप) केलाय, एकदा नजर टाकाल का?

जुनाजाणता

पाहिला. छान झालाय. एक बदल करा, "कारवाई व्हावी" च्या पुढे "आणि दर पंधरवड्याला किती जणांवर, कशासाठी झाली ते लेखी कळवावं" हे घाला. आणि मोजलेल्या वहीची झेरॉक्स जोडा, मूळ वही देऊ नका.

पायवाट

घातलं. सोमवारी देतेय. पुढे काय होतं ते इथेच लिहीन.